मेसाचा कोड गिटवरून घ्यायचा आहे: कुठला रेपो, किती इतिहास, कुठली ब्रँच?

रानवाट

उबुंटू २४.०४, कार्ड रेडिऑन आरएक्स ६६००. वितरणासोबत आलेला मेसा (लिनक्सवरचा मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरसंच) बाजूला तसाच ठेवून ताजा मेसा गिटवरून (कोड आणि त्याचा इतिहास सांभाळणारं साधन) घेऊन बिल्ड करायचा आहे. उद्देश दोन: एका गेममध्ये सावल्यांच्या जागी काळे चौकोन दिसतात, ते कुठल्या बदलामुळे होतं ते शोधणं, आणि जमलं तर कोड वाचणं. इंटरनेट मोबाइल हॉटस्पॉटचं आहे, मधेच तुटतं.

प्रश्न:
१. नेमका कुठला रेपो (गिटमधलं कोडचं भांडार)? शोधलं की मेसा, डीआरएम, लिनक्स, फर्मवेअर, एक्सएफ८६-व्हिडिओ-एएमडीजीपीयू अशी पाच-सहा नावं येतात.
२. पूर्ण क्लोन (सगळ्या इतिहासासह रेपोची प्रत) की --डेप्थ १ (फक्त शेवटची स्थिती)?
३. मेन ब्रँच (कोडची मुख्य शाखा) की स्थिर ब्रँच?

या गटाच्या प्रथेप्रमाणे आज्ञासुद्धा देवनागरीत लिहू या. टर्मिनलमध्ये अर्थातच त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

दगडफूल

आधी पहिला प्रश्न, कारण निम्मे लोक इथेच चुकीच्या दारात उभे राहतात. लिनक्सवर 'ग्राफिक्स ड्रायव्हर' ही एक वस्तू नाही. चार थर आहेत आणि चारही वेगळ्या रेपोत राहतात.

कर्नेलमधला भाग: तुमच्या कार्डासाठी एएमडीजीपीयू मॉड्यूल. लिनक्सच्या मुख्य झाडात ड्रायव्हर्स/जीपीयू/डीआरएम/एएमडी या फोल्डरात. मेमरी वाटप, डिस्प्लेचे मोड, वीज व्यवस्थापन, कार्डाकडे काम पाठवणं हे त्याचं.

फर्मवेअर: लिनक्स-फर्मवेअर रेपो. यात कोड नाही, बायनरी फायली आहेत, ज्या कर्नेल कार्डात चढवतो.

लिबडीआरएम: कर्नेलशी बोलणारी छोटी लायब्ररी. रेपो फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर, मेसा गटातच.

मेसा: ओपनजीएल, व्हल्कन, व्हीए-एपीआयचं खरं काम इथे. शेडर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होतात ते इथेच. १९९३ मध्ये ब्रायन पॉल यांनी सुरू केलेला प्रकल्प. एएमडी, इंटेल, एनव्हिडियाचा मुक्त ड्रायव्हर, रास्पबेरी पाय, क्वालकॉम, माली सगळे एकाच झाडात.

काळे चौकोन म्हणजे बहुतेक वेळा शेडर कंपाइलर किंवा ड्रायव्हरची चूक, म्हणून तुम्हाला हवा तो मेसा. एक्सएफ८६-व्हिडिओ-एएमडीजीपीयू हा एक्स सर्व्हरचा २-डी ड्रायव्हर आहे. आज मोडसेटिंग नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर ते काम करतो आणि वेलँडवर त्याचा संबंधच येत नाही. तो विसरा.

पत्ता: गिटलॅब.फ्रीडेस्कटॉप.ऑर्ग/मेसा/मेसा

भिंगरी

जुन्या लेखांत अनॉनगिट.फ्रीडेस्कटॉप.ऑर्ग आणि 'गिट://' ने सुरू होणारा पत्ता सापडेल. तो वापरू नका. गिट प्रोटोकॉल ९४१८ पोर्टवर चालतो, बहुतेक कार्यालयांच्या आणि कॉलेजांच्या फायरवॉलमध्ये तो बंद असतो, वर त्यात एनक्रिप्शन नाही. एचटीटीपीएस घ्या, ४४३ सगळीकडे उघडा असतो. आणखी जुने लेख तर सीव्हीएसचे आहेत, तेही सोडा.

मास्टर ब्रँच मागणारा लेखही जुनाच. मुख्य ब्रँचचं नाव आता मेन आहे.

करवंद

--डेप्थ १ करून मोकळे व्हा. हॉटस्पॉटवर सगळा इतिहास ओढायची गरज काय?

तळटीप

करवंद, फक्त बिल्ड करायचं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण रानवाट यांना 'कुठल्या बदलामुळे' हे शोधायचं आहे, म्हणजे गिट बायसेक्ट (इतिहास अर्धा-अर्धा करत दोषी बदल गाठणं). --डेप्थ १ मध्ये एकच कमिट (इतिहासातला एक नोंदवलेला बदल) येतं. बायसेक्टला चांगलं टोक आणि वाईट टोक दोन्ही लागतात, आणि मधली सगळी साखळी.

तिसरा मार्ग आहे, तो इथे सगळ्यात चांगला बसतो:

गिट क्लोन --फिल्टर=ब्लॉब:नन एचटीटीपीएस://गिटलॅब.फ्रीडेस्कटॉप.ऑर्ग/मेसा/मेसा.गिट

याला पार्शल क्लोन म्हणतात. सगळी कमिटं आणि सगळ्या फोल्डरांच्या याद्या येतात, पण फायलींचा जुना मजकूर येत नाही. चेकआउट कराल त्या कमिटला लागणाऱ्या फायली तेवढ्या त्या वेळी एका गठ्ठ्यात येतात. गिट लॉग पूर्ण चालतो, एखाद्या फोल्डरपुरता लॉगही चालतो, बायसेक्टही चालतो.

अडतं कुठे, तर गिट ब्लेम, गिट लॉग -पी आणि --फॉलो. यांना जुन्या फायलींचा मजकूर लागतो, तो नसल्यामुळे गिट दर वेळी सर्व्हरकडे धावतं. नेट बंद असेल तर आज्ञा तिथेच मरते. --फिल्टर=ट्री:० असाही एक प्रकार आहे. त्यात फोल्डरांच्या याद्यासुद्धा येत नाहीत, आणि फोल्डरपुरता साधा लॉग मागितला तरी तासभर डाउनलोड चालू राहतं. तो एकदा बिल्ड करून फेकून देणाऱ्या यंत्रांसाठी आहे, माणसांसाठी नाही.

करवंद

बायसेक्टचं लक्षात आलं नव्हतं. बरोबर आहे.

सांजवारा

नेट तुटतं म्हणालात म्हणून मुद्दाम: गिट क्लोन अर्ध्यावर तुटलं की आलेलं सगळं जातं. विगेट -सी सारखं 'जिथे थांबलं तिथून पुढे' गिटमध्ये नाही. म्हणून क्लोनऐवजी तुकड्यांत आणा:

गिट इनिट मेसा
सीडी मेसा
गिट रिमोट ॲड ओरिजिन (वरचा पत्ता)
गिट फेच --डेप्थ १ ओरिजिन मेन
गिट चेकआउट -बी मेन फेच_हेड

फेच_हेड मोठ्या अक्षरांत. मग नेट चांगलं असेल तेव्हा:

गिट फेच --डीपन ५०० ओरिजिन मेन

प्रत्येक यशस्वी फेच पक्कं साठतं. पुढचं तुटलं तर फक्त तेवढाच तुकडा जातो. ५०० झेपत नसेल तर २०० घ्या. तारखेच्या हिशेबानेही चालतं: --शॅलो-सिन्स=२०२५-०१-०१. शेवटी पूर्ण इतिहास हवाच असेल तर --अनशॅलो.

'आरपीसी फेल्ड, कर्ल ९२, एचटीटीपी/२ स्ट्रीम' किंवा 'अर्ली ईओएफ' अशी चूक आली तर:

गिट कॉन्फिग --ग्लोबल एचटीटीपी.व्हर्जन एचटीटीपी/१.१

जोडणी एचटीटीपी १.१ वर येते आणि कच्च्या नेटवर बऱ्याचदा टिकते.

अष्टपैलू

पोस्टबफर ५०० एमबी करा, सगळीकडे हाच उपाय दिलेला असतो.

सांजवारा

अष्टपैलू, तो उपाय सगळीकडे दिलेला असतो हे खरं, पण एचटीटीपी.पोस्टबफर ही सेटिंग आपण सर्व्हरला *पाठवतो* त्या माहितीसाठी आहे. पुश करताना तिचा उपयोग होतो. क्लोन आणि फेच करताना मोठा डेटा सर्व्हरकडून आपल्याकडे येतो, तिथे या आकड्याने काहीच बदलत नाही, उलट मेमरी वाया जाते. लोकांना फरक पडल्यासारखा वाटतो, कारण दुसऱ्यांदा प्रयत्न करताना नेट बरं असतं.

निरगुडी

कुणाकडे चांगली लाइन असेल तर पेन ड्राइव्हवर आणणं सगळ्यात सोपं. तिथे पूर्ण क्लोन करून:

गिट बंडल क्रिएट मेसा.बंडल हेड मेन

(हेड मोठ्या अक्षरांत, ते विसरलं तर नंतर क्लोन करताना कुठलीच ब्रँच चेकआउट होत नाही आणि फोल्डर रिकामं दिसतं.) घरी:

गिट बंडल व्हेरिफाय मेसा.बंडल
गिट क्लोन मेसा.बंडल मेसा
सीडी मेसा
गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन (खरा पत्ता)
गिट फेच

व्हेरिफाय रेपोच्या आतूनच चालतं, म्हणून ते कुठल्याही गिट रेपोत उभं राहून करा. यापुढे फक्त नवी कमिटं येतील, तीही थोड्या केबी-एमबीत.

इतिहास अजिबात नको असेल आणि फक्त एखादी प्रकाशित आवृत्ती हवी असेल तर गिट लागतच नाही. आर्काइव्ह.मेसा३डी.ऑर्ग वर .टार.एक्सझेड फायली आहेत, सोबत .सिग सही. विगेट -सी तिथे चालतं. प्रत्येक आवृत्तीच्या घोषणेत शा-२५६ बेरीज दिलेली असते, ती जुळवून बघा.

पिंगळा

आरशांबद्दल, म्हणजे मिररबद्दल, एक. गिटहबवर मेसाच्या प्रती सापडतात. मूळ सर्व्हर बंद असेल तेव्हा कामाला येतात. पण घेतल्यावर गिट रेव्ह-पार्स हेड ने येणारा हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) मूळ गिटलॅबवरच्या त्याच कमिटच्या हॅशशी ताडून बघा. हॅश तोच असेल तर झाडातली प्रत्येक फाइल आणि मागचा सगळा इतिहास तोच आहे, मग कोड कुठून आला याने फरक पडत नाही. गिटची हीच गंमत मला सगळ्यात जास्त आवडते.

फ्रीडेस्कटॉपचा गिटलॅब मार्च २०२५ मध्ये नव्या यंत्रांवर हलवला गेला. ब्राउझरमध्ये उघडलं की बॉट तपासणीचं पान काही क्षण दिसू शकतं, ते ब्राउझरपुरतं. आणि एसएसएचने घेणाऱ्यांसाठी: यजमानाचं नाव वेगळं आहे, एसएसएच.गिटलॅब.फ्रीडेस्कटॉप.ऑर्ग. पुढचा 'एसएसएच' विसरला की जोडणी नुसती लटकते. नुसतं वाचायचं असेल तर खातंही लागत नाही.

रानवाट

खूप आभार. ब्लॉब:नन वाला मार्ग घेतला, फोल्डर आलं. आता बिल्डच्या वाटेवर मेसन (बिल्डची तयारी करणारं साधन) म्हणतंय की मेसनची आवृत्ती जुनी आहे.

दगडफूल

अपेक्षितच. उबुंटू २४.०४ मध्ये मेसन १.३.२ आहे, मेसाच्या मेन ब्रँचला त्याहून नवं हवं. थेट पिप इन्स्टॉल केलंत तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून नकार येईल. त्याला --ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस देऊन दामटू नका, नावातच धोका लिहिलेला आहे. वेगळं व्हर्च्युअल वातावरण करा:

पायथन३ -एम व्हेन्व्ह ~/मेसनव्हेन्व्ह
. ~/मेसनव्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट
पिप इन्स्टॉल मेसन माको पायवायएएमएल पॅकेजिंग

शेवटची तीन नावं महत्त्वाची, ती मेसाच्या स्क्रिप्टना लागणारी पायथन पॅकेजेस. माको एपीटीने आधीच टाकलेलं असलं तरी उपयोग नाही, कारण मेसन स्वतः ज्या पायथनमध्ये चालतं तोच पायथन मेसाच्या कोड-जनरेटर स्क्रिप्ट चालवायला वापरतं. व्हेन्व्हच्या आतून बाहेरचं माको दिसत नाही. 'मॉड्यूल नॉट फाउंड: माको' ही चूक हजारदा विचारली जाते, ती यामुळेच.

बाकीची अवलंबनं एका फटक्यात:

सुडो एपीटी बिल्ड-डेप मेसा

याआधी सोर्स रेपो चालू लागतो. २४.०४ मध्ये तो जुन्या सोर्सेस.लिस्ट मध्ये नाही. सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डरात उबुंटू.सोर्सेस फाइल आहे. त्यात 'टाइप्स: डेब' अशी ओळ दिसेल, ती 'टाइप्स: डेब डेब-एसआरसी' करा, मग एपीटी अपडेट.

तळटीप

त्यापुढची पायरी लिबडीआरएमची असेल. 'डिपेंडन्सी लिबडीआरएम_एएमडीजीपीयू फाउंड: नो' आणि पुढे आपल्याकडचा आकडा व हवा असलेला आकडा. सिस्टमचं लिबडीआरएम बदलू नका. गिटलॅबवरून लिबडीआरएम घ्या (रेपो इवलासा आहे, पूर्ण क्लोन चालेल), आणि ज्या फोल्डरात मेसा टाकणार त्याच फोल्डरात टाका:

मेसन सेटअप बिल्ड --प्रीफिक्स=$होम/मेसा-गिट
निन्जा -सी बिल्ड इन्स्टॉल

मग मेसाचं कॉन्फिगर करण्याआधी पीकेजी_कॉन्फिग_पाथ मध्ये $होम/मेसा-गिट/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/पीकेजीकॉन्फिग द्या. चालवतानाही नवीच लायब्ररी लागेल, ती एलडी_लायब्ररी_पाथ मधून मिळेल. त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

निरगुडी

मेसाचं कॉन्फिगर, आरएक्स ६६०० पुरतं:

मेसन सेटअप बिल्ड
--प्रीफिक्स=$होम/मेसा-गिट
-डीबिल्डटाइप=रिलीज
-डीप्लॅटफॉर्म्स=एक्स११,वेलँड
-डीगॅलियम-ड्रायव्हर्स=रेडिऑनएसआय,एलएलव्हीएमपाइप,झिंक
-डीव्हल्कन-ड्रायव्हर्स=एएमडी
-डीगॅलियम-व्हीए=एनेबल्ड
-डीव्हिडिओ-कोडेक्स=ऑल

सगळं एका ओळीत. 'डी' हे कॅपिटल डी, त्यात आणि पुढच्या नावात जागा नको.

ड्रायव्हर मोजकेच ठेवल्याने दोन फायदे. वेळ वाचतो, आणि रस्ट, बाइंडजेन, एलआयबीसीएलसी असली अवलंबनं टळतात. एनव्हिडियाचा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर एनव्हीके रस्ट मागतो, इंटेलचे ड्रायव्हर एलआयबीसीएलसी मागतात. आपल्याला दोन्हीची गरज नाही. एलएलव्हीएमपाइप मात्र ठेवा, तो सीपीयूवर चित्र काढतो. काळे चौकोन तिथेही दिसले तर दोष कार्डाच्या ड्रायव्हरचा नाही, हे एका झटक्यात कळतं. ओपनजीएलचा गेम असेल तर त्यासाठी लिबजीएल_ऑल्वेज_सॉफ्टवेअर=१.

मेमरी ८ जीबी असेल तर निन्जा -जे४. एलएलव्हीएम जोडणाऱ्या फायलींच्या लिंकिंगला मेमरी लागते आणि अपुरी पडली की कंपाइलर 'किल्ड' एवढंच म्हणून मरतो.

सांजवारा

व्हिडिओ-कोडेक्सबद्दल निरगुडी यांनी एक शब्द लिहिला, त्याला अधोरेखित करते. ही ओळ विसरलात तर स्वतः बिल्ड केलेल्या मेसात एच.२६४ आणि एच.२६५ चं हार्डवेअर डीकोडिंग नसतं. पेटंटच्या कारणाने मेसाने २०२२ मध्ये (२२.२ आवृत्ती) हे कोडेक बिल्डच्या वेळी निवडायचे केले, आणि आता न सांगितल्यास 'ऑल_फ्री' धरलं जातं, म्हणजे एव्ही१, व्हीपी९ वगैरेच. फेडोराने त्याच वर्षी आपल्या मेसातून हे कोडेक काढले, म्हणून फेडोरावाले आरपीएम फ्युजनमधून 'फ्रीवर्ल्ड' पॅकेज घेतात.

तपासायला व्हीएइन्फो. 'व्हीएप्रोफाइलएच२६४हाय : व्हीएएन्ट्रीपॉइंटव्हीएलडी' ही ओळ म्हणजे डीकोड आहे. 'एन्कस्लाइस' म्हणजे एन्कोड. आपल्या फोल्डरातला ड्रायव्हर तपासायचा असेल तर लिबव्हीए_ड्रायव्हर्स_पाथ आपल्या डीआरआय फोल्डराकडे वळवा, नाहीतर सिस्टमचाच उत्तर देईल आणि तुम्हाला वाटेल आपलं बरोबर झालं.

अष्टपैलू

इंटेल कार्डवाल्यांनीही हेच करायचं का?

सांजवारा

नाही. इंटेलच्या व्हिडिओ डीकोडिंगचा व्हीए-एपीआय ड्रायव्हर मेसात नाहीच. तो गिटहबवर इंटेल/मीडिया-ड्रायव्हर रेपोत आहे, आयएचडी नावाने ओळखला जातो, ब्रॉडवेलपासून पुढच्या चिपसाठी. सोबत जीएमएमलिब आणि लिबव्हीए लागतं, तिन्ही रेपो शेजारी शेजारी ठेवून सीमेकने बिल्ड होतात, जीएमएमलिब आधी. ब्रॉडवेलच्या आधीच्यांसाठी जुना इंटेल-व्हीएएपीआय-ड्रायव्हर. ३-डी मात्र मेसात: ब्रॉडवेलपासून पुढे आयरिस, त्याआधी हॅसवेलपर्यंत क्रोकस.

करवंद

आणि फारच जुनं यंत्र असेल तर? रेडिऑन ९२०० सारखं?

दगडफूल

आर१००, आर२००, जुना आय९६५ आणि सर्वांत जुन्या एनव्हिडियांचा नुव्हो_व्ह्यू हे 'क्लासिक' ड्रायव्हर मेन ब्रँचमधून २२.० च्या वेळी काढले. ते ॲम्बर नावाच्या ब्रँचमध्ये आहेत. रेडिऑन ९२०० म्हणजे आर२००, तेव्हा गिट चेकआउट ॲम्बर. ९५०० ते एक्स१९५० असेल तर आर३००, ते अजून मेनमध्ये जिवंत आहे. एचडी २००० ते ६००० साठी आर६००, एचडी ७००० च्या जीसीएन चिपपासून पुढे रेडिऑनएसआय.

एनव्हिडियाचं विचारायच्या आधीच सांगून टाकतो: मे २०२२ मध्ये कंपनीने ओपन-जीपीयू-कर्नेल-मॉड्यूल्स गिटहबवर टाकले. ट्युरिंगपासून पुढची कार्डं. पण तो फक्त कर्नेलचा भाग आहे. वरचा ओपनजीएल-व्हल्कनचा भाग बंदच, आणि दोन्हींची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत जुळावी लागते. शिवाय तिथे साधारण दर आवृत्तीला एकच अजस्र कमिट असतं, त्यामुळे बायसेक्ट करून हाती काही लागत नाही. इतिहास वाचायचा असेल तर मेसातलं एसआरसी/नुव्हो/व्हल्कन फोल्डर वाचा.

पिंगळा

आता चालवणं. सर्वांत महत्त्वाचं: --प्रीफिक्स=/यूएसआर कधीही नको. एपीटीला न विचारता त्याच्या फायलींवर लिहिलं की पुढच्या अपडेटला अर्ध्या फायली त्याच्या, अर्ध्या तुमच्या, आणि लॉगिनच्या पडद्याऐवजी काळोख.

इन्स्टॉलही न करता झटपट तपासायला:

मेसन डेव्हएन्व्ह -सी बिल्ड जीएलएक्सइन्फो -बी

हे सगळी एन्व्हायर्नमेंट चलं स्वतः लावतं. इन्स्टॉल केल्यावर गेमसाठी तीन चलं हाताने:

एलडी_लायब्ररी_पाथ: आपलं लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू
लिबजीएल_ड्रायव्हर्स_पाथ: त्यातलंच डीआरआय
व्हीके_ड्रायव्हर_फाइल्स: शेअर/व्हल्कन/आयसीडी.डी मधली रेडिऑन_आयसीडी.एक्स८६_६४.जेसन

व्हल्कनचं वेगळं का? त्या जेसन फाइलमध्ये ड्रायव्हरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, म्हणून एलडी_लायब्ररी_पाथ बदलून व्हल्कनचा ड्रायव्हर बदलत नाही. जुन्या लेखांत व्हीके_आयसीडी_फाइलनेम्स दिसेल, ते याचंच जुनं नाव.

खूण काय, तर जीएलएक्सइन्फो -बी मध्ये आवृत्तीच्या ओळीत '-डेव्हल (गिट-' आणि पुढे दहा अक्षरी हॅश. व्हल्कनसाठी व्हल्कनइन्फो --समरी मध्ये ड्रायव्हरइन्फो. हा हॅश गिट रेव्ह-पार्स हेड शी जुळेपर्यंत पुढची एकही चाचणी करू नका. 'नव्या मेसातही तोच दोष आहे' म्हणून आलेल्या तक्रारींत खरं तर सिस्टमचाच मेसा चालू होता, असं वारंवार निघतं.

निरगुडी

त्यात दोन सापळे.

३२-बिट. जुने गेम ३२-बिट असतात. तुमचा मेसा ६४-बिट. लोडर चुकीच्या जातीची लायब्ररी गुपचूप ओलांडतो आणि सिस्टमची उचलतो, एक अक्षरही न बोलता. व्हल्कनमध्ये उलटं होतं: फक्त ६४-बिटचं जेसन दिलं तर ३२-बिट गेमला ड्रायव्हरच सापडत नाही. दोन्ही जेसन द्या, मधे अपूर्णविराम (:). लोडर आपल्या जातीचं निवडतो.

फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅकमधला गेम स्वतःच्या रनटाइममधला मेसा वापरतो, तुमची चलं तिथवर पोचत नाहीत. फ्लॅटहबच्या बीटा रेपोत मेसा-गिटचं वेगळं एक्स्टेन्शन आहे, ते घेऊन फ्लॅटपॅक_जीएल_ड्रायव्हर्स=मेसा-गिट. बायसेक्टसाठी मात्र गेम फ्लॅटपॅक आणि स्नॅपच्या बाहेरच चालवा.

अष्टपैलू

इतकं करण्यापेक्षा पीपीए (उबुंटूसाठी कुणीतरी आधीच बिल्ड करून ठेवलेली पॅकेजेस) नाही का? किसाकचा किंवा ओइबाफचा. पाच मिनिटांचं काम.

तळटीप

ताजा मेसा एवढंच हवं असेल तर जरूर. किसाक-मेसामध्ये प्रकाशित आवृत्त्या, ओइबाफमध्ये गिटची ताजी स्थिती. पण पीपीए सिस्टमचा मेसा बदलतो, काढताना पीपीए-पर्ज लागतं, आणि दोन कमिटांच्या मधलं कमिट पीपीए देऊ शकत नाही. रानवाट यांचा मूळ प्रश्नच तो आहे. एक उपयोग नक्की करा: ओइबाफवर काळे चौकोन नाहीसे झाले तर दोष आधीच दुरुस्त झालाय, बायसेक्टची मेहनत वाचली.

भिंगरी

कर्नेल, फर्मवेअर बदलायची गरज पडते का? कुणी लिहिलं नाही.

दगडफूल

आरएक्स ६६०० ला नाही. नवा मेसा जुन्या कर्नेलवर चालावा अशीच रचना आहे. अगदी नवं कार्ड असेल तरच कर्नेल आणि फर्मवेअर दोन्ही ताजे लागतात.

कळायला: सुडो डीमेसेज मध्ये एएमडीजीपीयू शोधा. फर्मवेअर नसेल तर 'डिमग्रे_केव्हफिश' नावाच्या फायलीची तक्रार असेल. नावी २३ चिपचं हे कर्नेलमधलं टोपणनाव. हाताने टाकायची असेल तर /लिब/फर्मवेअर/अपडेट्स/एएमडीजीपीयू मध्ये टाका. कर्नेल 'अपडेट्स' आधी बघतो, त्यामुळे वितरणाच्या फायलीला हात लागत नाही. नंतर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, नाहीतर बूटच्या सुरुवातीला जुनीच फाइल चढते.

करवंद

या पिढीत सगळे मासेच आहेत: नावी २१ सिएना सिक्लिड, २२ नेव्ही फ्लाउंडर, २४ बेज गोबी. बोंबील आणि हलवा राहिले, पुढच्या पिढीला सुचवू या!

रानवाट

हॅश जुळला, काळे चौकोन मेनवरही आहेत. २४.० वर नव्हते. आता तिसरा प्रश्न: ब्रँच.

तळटीप

म्हणजे मूळ प्रश्नाकडे आलो. मेसाच्या वर्षाला चार मुख्य आवृत्त्या येतात, वर्ष.० ते वर्ष.३. प्रत्येकीची ब्रँच आकड्याच्या नावाने (२५.०), आणि टॅग मेसा-२५.०.० असा. मेनवरून ब्रँच फुटते, मग तिच्यावर फक्त दुरुस्त्या वेचून आणल्या जातात. रोज वापरायला स्थिर ब्रँच घ्या. दोष शोधायला मेन.

बायसेक्टची टोकंही मेनवरचीच निवडा. मेसा-२४.०.० हा टॅग स्थिर ब्रँचवर आहे, त्याला 'चांगला' म्हटलं तर गिट आधी दोघांच्या समाईक पूर्वजाची चाचणी करायला सांगतं. ते तुम्हीच काढून घ्या:

गिट मर्ज-बेस ओरिजिन/मेन मेसा-२४.०.०

तो हॅश बिल्ड करून चांगला आहे याची खात्री करा, मग:

गिट बायसेक्ट स्टार्ट (वाईट) (चांगला)

ओपनजीएलचा गेम असेल तर पुढे -- देऊन एसआरसी/गॅलियम, एसआरसी/मेसा, एसआरसी/कंपायलर, एसआरसी/एएमडी एवढ्यापुरतं मर्यादित करा. व्हल्कनचा असेल तर एसआरसी/एएमडी, एसआरसी/कंपायलर, एसआरसी/व्हल्कन, एसआरसी/युटिल. हजार कमिटांना दहा पायऱ्या, दहा हजारांना चौदा. बिल्ड न होणारं कमिट आलं तर गिट बायसेक्ट स्किप, 'वाईट' म्हणू नका, त्याने सगळी दिशा चुकते.

तुमच्या नेटसाठी: बायसेक्टची प्रत्येक उडी नव्या फायली मागेल, म्हणून ही कामं नेट असताना.

निरगुडी

सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून पुन्हा वापरणारं साधन) आधी टाका. मेसनला तो दिसला की आपोआप वापरतं. पण बिल्ड फोल्डर तयार केल्यावर सीकॅश टाकला तर मेसनला कळत नाही, फोल्डर नव्याने करावं लागतं. तसंच बरंच जुनं कमिट आलं की पर्यायांची नावं बदललेली असतात. उदाहरणार्थ, एलएलव्हीएमपाइप पूर्वी 'स्वरास्ट' नावाखाली होता. 'अननोन ऑप्शन' दिसलं की त्या कमिटमधली मेसन ऑप्शन्सची फाइल उघडून बघा.

रोजचा मेसा आणि बायसेक्टचा मेसा वेगळ्या फोल्डरांत हवे असतील तर दुसरं क्लोन नको:

गिट वर्कट्री ॲड ../मेसा-स्थिर ओरिजिन/२५.०

इतिहास एकच, फोल्डर दोन.

रानवाट

गेम व्हल्कनचा आहे. दोषी कमिट सापडलं तर कुठे कळवायचं?

पिंगळा

त्याच गिटलॅबवर, मेसा/मेसा च्या इश्यूत. आधी 'आरएडीव्ही' (मेसातला एएमडीचा व्हल्कन ड्रायव्हर) आणि गेमचं नाव घालून शोधा. लिहिताना: कार्ड, कर्नेल, व्हल्कनइन्फो --समरी, दोषी कमिटचा पूर्ण हॅश, आणि शक्य असेल तर रेंडरडॉकचं कॅप्चर. कंपाइलरवर संशय असेल तर आरएडीव्ही_डीबग=एलएलव्हीएम लावून एकदा चालवा. २०.२ पासून आरएडीव्ही एसीओ हा स्वतःचा कंपाइलर वापरतो. एलएलव्हीएमवर चौकोन गेले तर संशय एसीओवर जातो, आणि ही एक ओळ तिथल्या लोकांचा दिवस वाचवते.

स्वतः दुरुस्ती पाठवायची असेल तर: नव्या खात्याला तिथे सुरुवातीला फोर्क करता येत नाही, स्पॅममुळे. फ्रीडेस्कटॉप प्रकल्पात 'युजर व्हेरिफिकेशन' चा इश्यू उघडून परवानगी मागायची. ते आजच करून ठेवा, बायसेक्ट चालू असेपर्यंत मिळून जाईल. कमिटच्या शीर्षकाला 'आरएडीव्ही:' असा उपसर्ग, खाली 'फिक्सेस:' आणि बायसेक्टने दिलेला हॅश. त्या 'फिक्सेस:' वरूनच दुरुस्ती स्थिर ब्रँचवर आपोआप उचलली जाते.

रानवाट

विनंती टाकली. मर्ज-बेस चांगलं निघालं, गिट म्हणतंय अंदाजे तेरा पायऱ्या. तिसरी चालू आहे.

सांजवारा

दर पायरीला मेसा_शेडर_कॅश_डिसेबल=ट्रू ठेवा. कॅश बिल्डप्रमाणे वेगळी धरली जाते, पण गेमची स्वतःचीही कॅश असते, ती त्याच्या फोल्डरातून हाताने उडवा. आणि 'चांगलं' म्हणण्याआधी तीच जागा तीनदा बघा, चौकोन दर वेळी येत नसतील तर एका चुकीच्या उत्तराने पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात. तेवढ्यासाठी गिट बायसेक्ट लॉग फाइलमध्ये साठवत चला. चुकलं असं वाटलं तर त्यातली ती ओळ काढून गिट बायसेक्ट रिप्ले.